स्वमग्न मुलांचे भाषाशिक्षण : मागणीपासून बोलण्यापर्यंत

शिक्षणाचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने पटवून देण्याची गरज नाही. परमपूज्य बाबासाहेबांच्या संदेशातील पहिला शब्दच 'शिका' हा आहे. त्या एका शब्दाच्या बळावर कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांतून शिक्षक, परिचारिका, अभियंते निर्माण झाले. परंतु ज्या मुलाला तहान लागली असता 'पाणी' एवढेही म्हणता येत नाही, त्याच्या शिक्षणाची सुरुवात कोठून करावयाची? असे मूल घरात असले की पाहुणे आल्यावर त्याला आतल्या खोलीत ठेवले जाते, समाजाच्या कार्यक्रमाला आणले जात नाही, आणि त्याच्याबरोबर त्याची आईही दिसेनाशी होते. अशा मुलांपैकी अनेक मुले स्वमग्न असतात. त्यांना बोलणे शिकविता येते काय, आणि कसे, याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत लेखनिक आहोत. वाचून व विचारून जे समजले ते समाजबांधवांसमोर व विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहोत.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा आजार नसून मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणा आहे. १९४३ साली अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. त्या अकरांपैकी तीन मुले मुळीच बोलत नव्हती. उरलेली आठ बोलत, पण पुष्कळदा ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणत. भारतात पाच ठिकाणी केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत साधारणपणे शंभरात एक मूल स्वमग्न आढळले.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडीत नाही, किंवा आलेले शब्द विसरते, ही लक्षणे दिसल्यास थांबू नये. 'याचा मामाही उशिराच बोलला' असे म्हणत दोन-तीन वर्षे घालविणे हे सर्वांत मोठे नुकसान आहे. प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी आणि नंतर बालविकासाच्या तज्ज्ञांना दाखवावे.

दोष कोणाचा?

एकेकाळी पाश्चात्त्य देशांतही आईला दोषी धरले जाई. आईची माया थंड, म्हणून मूल असे झाले, हा समज ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने अधिकच पसरविला. वास्तविक त्यापूर्वी, १९६४ सालीच, स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी कारण मेंदूत आहे असे सप्रमाण मांडले होते. आज आईला दोष देणारा तो समज पूर्णपणे टाकून देण्यात आला आहे.

आपल्याकडे त्याच दोषाचे नाव निराळे असते. कोणी 'मागच्या जन्मीचे पाप' म्हणतो, कोणी भगताकडे जाण्याचा सल्ला देतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही कल्पना बुद्धाची नव्हे, असे स्पष्टपणे प्रतिपादन केले आहे. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात तरी एखाद्या मुलाच्या मुकेपणाचा हिशेब गतजन्मात शोधला जाऊ नये.

वर्तनपद्धतीचे मूळ

मानसशास्त्र विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांना बी. एफ. स्किनर यांचे नाव परिचित असेल. ज्या वर्तनानंतर हवीशी गोष्ट मिळते ते वर्तन पुन्हा होते, हा त्यांच्या साधक अभिसंधानाचा गाभा. या हवीशा परिणामाला पाठ्यपुस्तकात 'प्रबलन' म्हणतात. १९५७ साली त्यांनी भाषेसंबंधी ग्रंथ लिहून असे मांडले की बोलणे हेही वर्तनच आहे. नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली त्यावर कडक टीका केली. भाषेचे संपूर्ण स्पष्टीकरण म्हणून स्किनर यांचे मत भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. परंतु न बोलणाऱ्या मुलाला शिकविण्याचे साधन म्हणून ते उपयोगी पडले.

कॅलिफोर्नियात डॉ. आयव्हर लोवास यांनी लहान स्वमग्न मुलांना आठवड्याला चाळीस तास असे शिक्षण दिले. १९८७ सालच्या त्यांच्या अहवालानुसार एकोणीसपैकी नऊ मुले सर्वसाधारण शाळेच्या पहिलीत गेली. हा आकडा जगभर गाजला. मात्र मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, व त्या काळच्या पद्धतीत शिक्षाही दिली जात होती, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. म्हणून 'हमखास बरे करतो' म्हणणाऱ्या कोणत्याही जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. सुमारे पाव ते एक तृतीयांश स्वमग्न मुले मोठेपणीही फारच थोडे बोलतात. बोलण्याने असो वा चित्राने, मुलाला आपले म्हणणे दुसऱ्याला कळविता यावे, हे या शिक्षणाचे ध्येय होय.

एक शब्द, अनेक कामे

स्किनर यांचे एक निरीक्षण पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. एकच शब्द निरनिराळी कामे करतो. तहान लागली म्हणून मूल 'पाणी' म्हणते, ती मागणी. पावसाळ्यात उल्हास नदीचा पूर पाहून 'पाणी' म्हणते, ते नाव सांगणे. आईने 'पाणी' म्हटले म्हणून मागोमाग म्हणते, ते अनुकरण. 'नळातून काय येते?' या प्रश्नाला 'पाणी' म्हणते, ते उत्तर. साधारण मूल एक काम शिकले की बाकीची आपोआप करू लागते. स्वमग्न मुलाचे तसे होईलच असे नाही. चित्र दाखविल्यावर 'पाणी' म्हणणारा मुलगा तहानेने रडत बसतो, पण 'पाणी' म्हणत नाही. घरच्यांना वाटते, हट्टी आहे. तो हट्टी नसतो. मागणी हे काम त्याला अजून शिकविलेलेच नसते.

आपल्याकडे शिकविण्याची सुरुवात बहुधा उलटी होते. तक्ता समोर धरून 'हे काय? ते काय?' अशी सरबत्ती केली जाते. मुलाला त्यातून काहीच मिळत नाही, म्हणून ते उठून पळते. वर्तनपद्धतीत बहुतेक वेळा मागणीला पहिले स्थान दिले जाते, कारण मागण्यातच बोलण्याचा फायदा मुलाला प्रथम कळतो.

घरी कसे शिकवावे?

समजा, चार वर्षांचा एक मुलगा आहे. कर्जत स्टेशनवर उतरले की तो वड्याच्या स्टॉलकडे आईचा हात ओढतो आणि वडा मिळेपर्यंत रडतो. आता वडा हीच त्याच्या पहिल्या शब्दाची गुरुकिल्ली समजावी.

घरी वड्याचे लहान तुकडे करून पारदर्शक बरणीत, त्याला दिसतील पण हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. तो हात पुढे करताच आईने स्पष्टपणे 'वडा' म्हणावे आणि तुकडा लगेच द्यावा. त्याने बोललेच पाहिजे असा आग्रह नको. असे पुष्कळदा झाल्यावर 'वडा' म्हणून दोन-तीन सेकंद थांबावे. त्याने 'व' म्हटले, 'अडा' म्हटले, नुसता आवाज काढला, तरी तुकडा तत्काळ द्यावा. उच्चार हळूहळू सुधारत न्यावा. याला घडवत नेणे म्हणतात. त्यानंतर आईने आपली मदत कमी करावी : आधी पूर्ण शब्द, मग फक्त 'व…', मग नुसते थांबणे. मदत कमी केली नाही तर मूल कायम आईच्या शब्दाची वाट पाहते.

रडल्यावर वडा मिळत असेल तर आपण नकळत रडणेच शिकवीत आहोत. म्हणून रडू येण्यापूर्वीच सोपी मागणी करून घ्यावी. एक शब्द बसला की झोका, फुगा, 'उघड', 'चल' असे शब्द घ्यावेत. तोच शब्द वडील, आजी, बहीण यांच्याजवळही, आणि घराबाहेरही म्हणवून घ्यावा. नाहीतर तो एका खोलीपुरता राहतो.

ज्या मुलाच्या तोंडून आवाजच येत नाही त्याला चित्रे द्यावीत. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली ही पद्धत बसविली. मूल वस्तूचे चित्र उचलून मोठ्या माणसाच्या हातात देते आणि बदल्यात वस्तू घेते. सुरुवातीस एकाने समोर बसावे व दुसऱ्याने मागून मुलाचा हात धरून मदत करावी. चित्रामुळे मूल बोलणे सोडून देईल ही भीती अभ्यासांती खरी ठरलेली नाही.

चाळीस तास कोणाला परवडणार? भातलावणीला जाणाऱ्या किंवा खोपोली-रसायनीच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या आईला तर नाहीच. म्हणून अंघोळ, जेवण, एस.टी.ची वाट पाहणे या रोजच्या प्रसंगांतच दहा-दहा मागण्या करून घ्याव्यात. शिवाय एक वही ठेवावी. तारीख, शब्द, आणि पुढे खूण : स्वतः म्हटले तर बरोबर, मदतीने म्हटले तर 'म', नाही म्हटले तर फुली. महिन्याअखेर 'म' कमी होताना दिसले तर मार्ग बरोबर आहे. दोन आठवडे फुल्याच असतील तर मुलाला दोष न देता पायरी सोपी करावी.

मराठीतील काही खास अडचणी

स्वमग्न मूल ऐकलेले तसेच म्हणते. 'तुला पाणी पाहिजे?' असे विचारल्यावर तेही 'तुला पाणी पाहिजे' म्हणते. म्हणून प्रश्न न विचारता मुलाच्या तोंडी शोभेल असेच वाक्य द्यावे : 'मला पाणी पाहिजे.' दुसरी अडचण क्रियापदाची. आई 'मी जेवते' म्हणते, मुलगाही 'मी जेवते' म्हणू लागतो आणि इतर मुले हसतात. मुलाला शिकविताना आईनेही नमुना 'मी जेवतो' असाच द्यावा.

आणखी एक. आपल्या भागात घराघरांत आगरी, ठाकरी, कातकरी बोली बोलल्या जातात. मुलाने 'पानी' म्हटले तर ते बरोबरच आहे. पुस्तकी 'ण'साठी अडवू नये. घरी जी बोली, तीच पहिली भाषा. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही व वाढतही नाही, असे संशोधन सांगते. तेव्हा घरची भाषा तोडून मोडके इंग्रजी बोलण्याची गरज नाही.

करुणेची मर्यादारेषा

मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले आहेत. हनुवटी धरून नजरेला नजर भिडवायला लावणे, हात हलविण्याची निरुपद्रवी सवय मोडून काढणे, तासन्‌तास कवायत करून घेणे, यांच्या जखमा मनावर राहतात असे त्यांचे सांगणे आहे. ते ऐकले पाहिजे. उपाशी ठेवून घासासाठी बोलावयास लावणे, मारणे, कोंडणे यास शिक्षण म्हणता येणार नाही. मुलाने तोंड फिरविले तर तो त्याचा 'नको' समजावा, आणि 'नको' हा शब्दही त्याला आवर्जून शिकवावा.

या ठिकाणी चुल्लपंथकाची कथा आठवते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहाराबाहेर जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी त्याला परत बोलाविले, हातात स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला, आणि ते चोळीत एकच शब्द म्हणण्यास सांगितले. हातातले वस्त्र मळत गेले, तसा त्याला अनित्यतेचा बोध झाला व तो अर्हत झाला. चुल्लपंथक स्वमग्न होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पण शिष्याला जमत नाही तेव्हा शिष्य न बदलता पाठ बदलावा, हे त्या कथेत स्वच्छ दिसते.

मदत कोठे, आणि आपण काय करावे?

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत वा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाड्या व शाळांत येतात. त्या दिवशी मुलाला घरी न ठेवता मुद्दाम दाखवावे. नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ई.टी.सी. केंद्र वाशीला आहे. पण कर्जतहून ठाणे आणि ठाण्याहून पुन्हा गाडी बदलून वाशी, असा प्रवास मूल कडेवर घेऊन रोज होत नाही.

म्हणून गोव्यातील एक प्रयोग आपल्याला महत्त्वाचा वाटावा. तेथील 'संगत' संस्थेने व पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकाऱ्यांनी ६५ मुलांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी संवाद कसा साधावा हे शिकविले. ती पद्धत वर वर्णन केलेल्या वर्तनपद्धतीहून वेगळी होती. पण पालकांचा प्रतिसाद सुधारला, आणि मुले आपणहून त्यांच्याशी अधिक संवाद सुरू करू लागली. याचा अर्थ असा की तज्ज्ञ रोज मिळाला नाही तरी काम थांबत नाही.

आपल्या तालुक्यांतील डी.एड., बी.ए., समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींनी एखाद्या तज्ज्ञाकडून ही पद्धत शिकून घ्यावी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ अशा घरी जावे. आईला तासभर मोकळीक मिळेल, वहीत चार खुणा वाढतील. रविवारच्या वंदनेच्या वेळी विहाराचा एक कोपरा या मुलांसाठी ठेवावा. ते मध्येच उठले, ओरडले, तर कोणी कपाळाला आठी घालू नये. आणि ज्या घरी असे मूल आहे त्या घरच्यांना आमची हात जोडून विनंती आहे : त्याला आतल्या खोलीत ठेवू नका. समाजाच्या पुढील कार्यक्रमास त्याला घेऊन या.

जय भीम.