'नाट्यसंगीत नव्हे': वर्गनिर्णय आणि अभिरुची

एखादे पद ऐकून जाणता श्रोता 'हे नाट्यसंगीत नव्हे' असा निर्वाळा देतो आणि तितकाच जाणता दुसरा श्रोता त्यास हरकत घेतो. असे वाद बहुधा अनिर्णित राहतात व अखेरीस 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून मिटविले जातात. हा निकाल मात्र उतावीळपणाचा होय. अशा वादाचा काही भाग वस्तुस्थितीचा, काही निकषांच्या निवडीचा आणि काही निव्वळ अभिरुचीचा असतो. हे तिन्ही भाग एकाच वाक्यात दडून राहत असल्यामुळे ते विलग करणे हे भाषाभ्यासकाचेही कार्य ठरते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातील व 'सौभद्रा'तील (१८८२) पदांना साकी, दिंडी आणि कीर्तनातील परिचित चाली यांचा आधार होता. 'मानापमाना'त (१९११) गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-कजरीचे ढंग आणले. 'स्वयंवरा'त (१९१६) भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बांधली. 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकासाठी केशवराव भोळे यांनी भावगीताशी जवळीक साधणारे आटोपशीर गायन योजिले. तर 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकात दोन गायकींतील स्पर्धा हाच कथाविषय असल्याने जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतरचनेत शैलीभेदालाच नाट्यमूल्य प्राप्त झाले. या सर्व पदांत आढळणारे आणि इतरत्र न आढळणारे असे एकही सांगीतिक लक्षण दाखविता येत नाही.

निकष मात्र तीन संभवतात: पद नाटकासाठी रचलेले असणे, पद नाट्यप्रसंगात कार्य करणे, आणि पदाची गायनरीती विशिष्ट असणे. 'स्वयंवरा'तील पद मैफलीत स्वतंत्रपणे आळविले गेले, तर पहिला निकष टिकतो, दुसरा सुटतो. 'आंधळ्यांच्या शाळे'तील गीत पहिले दोन्ही निकष पुरे करते. परंतु गायनरीतीचा निकष लावणारा ते बाहेर ठेवतो. म्हणजे दोन श्रोत्यांना एकाच पदाविषयीची सर्व माहिती सारखीच असूनही त्यांचा वर्गनिर्णय भिन्न होऊ शकतो. येथे मतभेद आहे तो निकषांच्या अग्रक्रमाविषयी.

अशा संज्ञांचे स्वरूप स्पष्ट करण्यास दोन विचार उपयुक्त ठरतात. विट्गेन्स्टाइन यांच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात 'कुलसाम्या'ची कल्पना आहे: एका कुटुंबातील माणसांत जसे कुणाचे नाक, कुणाची चाल जुळते, पण सर्वांत समान असे काहीच नसते, तद्वत काही शब्दांचे विषय परस्परांशी बांधलेले असतात. पुढे १९७० च्या दशकात एलिनॉर रॉश यांनी प्रयोगांनी दाखविले की वर्गातील सर्व घटक समान दर्जाचे मानले जात नाहीत. चिमणी ही शहामृगापेक्षा अधिक 'पक्षी' वाटते. 'स्वयंवर' ऐकत ज्याचा कान घडला त्याचा नमुना वेगळा, 'मत्स्यगंधा' (१९६४) ऐकत ज्याचा घडला त्याचा वेगळा.

आता वाक्यरचनेकडे वळू. मराठीत आवडीच्या विधानात अनुभवणारी व्यक्ती चतुर्थीत येते: 'मला हे पद आवडत नाही'. 'हे नाट्यसंगीत नव्हे' या विधानात मात्र त्या चतुर्थ्यंत पदाला जागाच नाही. 'मला हे नाट्यसंगीत नव्हे' असे कोणी म्हणत नाही. शिवाय प्रमाण लेखी भाषेत 'नव्हे' हे रूप तादात्म्याचा निषेध करते. परिणामी ऐकणारी व्यक्ती वाक्यातून लोप पावते आणि नापसंतीला वस्तुनिर्णयाचे रूप लाभते.

हा लोप ओळखण्याची कसोटी सोपी आहे. 'हे नाट्यसंगीत आहे, पण मला रुचत नाही' या वाक्यात विसंगती नाही. 'हे नाट्यसंगीत आहे, पण खरे नाट्यसंगीत नव्हे' हेही विसंगत वाटत नाही. कारण दुसऱ्या ठिकाणी संज्ञा वर्गाचे नाव न राहता आदर्शाचे नाव झालेली असते. 'खरे', 'अस्सल' ही विशेषणे या अर्थांतराच्या खुणा होत. संज्ञेची प्रतिष्ठा कायम ठेवून तिचा विषय बदलणाऱ्या अशा व्याख्यांना स्टीव्हन्सन यांनी १९३८ मध्ये अनुनयात्मक व्याख्या म्हटले. वादी 'खरे' हा शब्द गाळून बोलतो, तेव्हा आदर्शाचा आग्रह वर्गनिर्णयाच्या वेषात पुढे येतो.

हा भेद केवळ शब्दच्छलाचा नाही. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धांत संगीत नाटकांची स्पर्धा स्वतंत्र असते. अभ्यासक्रमात आणि ध्वनिसंग्रहांत पदांची वर्गवारी करावीच लागते. तेथे 'नव्हे' या एका शब्दाने एखादी रचना वगळली जाते आणि वगळणाऱ्याला आपला निकष सांगावा लागत नाही. तो सांगितला, तर गायनरीतीचा आग्रह धरणारा समीक्षक त्याचे समर्थन करू शकेल व प्रतिपक्षास ते खोडताही येईल. अभिरुची हा दोष नव्हे. नमुना घडतो तो तिच्यामुळेच. तिने आपले चतुर्थ्यंत पद वाक्यात राहू द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.