साल टाकाऊ कधी असते?

मंडळी, आपल्या गोंदिया जिल्ह्याचे तालुके आठ. त्यातल्या दोघांच्या नावात अर्जुन आहे, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी. नाव झाडावरूनच पडलं का, त्यात मी आज शिरत नाही. पण नाल्याकाठचं ते पांढुरक्या, गुळगुळीत सालीचं झाड तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याचा भाऊबंद ऐन, म्हणजे आपला येन, रानात असतो. त्याची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. दोघांच्याही पाल्यावर कोशाच्या अळ्या पोसतात.

या सालींत अँटिऑक्सिडंट द्रव्यं भरपूर असतात. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा रसायन थोडक्यात सांगतो. साल चघळली की जीभ आखडते ना, ते टॅनिन. झाड ते कीड आणि बुरशीपासून बचावासाठी तयार करतं. असे फिनॉल वर्गातले रेणू आपला हायड्रोजन सहज देऊन टाकतात आणि फ्री रॅडिकल शांत होतात. काढण्याची रीत अवघड नाही. साल सावलीत वाळवायची, भरडायची, पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात कोमट ठेवून मुरवायची, गाळायची, मग कमी दाबाखाली अल्कोहोल उडवून परत मिळवायचं. उरतो तो तपकिरी अर्क. नुसत्या पाण्यात उकळलं तर काढा, तो आपल्या आजीलाही येत होता!

अर्क किती जोरकस, हे डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात बघतात. रंग पिवळा पडला की काम झालं. पण ते काचेच्या नळीत. माणसाचं शरीर म्हणजे नळी नव्हे. फिनलंडमध्ये 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, 1994 मध्ये निष्कर्ष आले. बीटा कॅरोटीन हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्तच निघाला. म्हणून डबीवरचा शब्द वाचून भुलू नका.

आता माझा खरा प्रश्न. टाकाऊ कशाला म्हणायचं? नैऋत्य फ्रान्सच्या लांद भागात पाइन लाकडासाठी तोडतात, साल मागे उरते, तिचा अर्क निघतो. तिथे ‘टाकाऊ’ शब्द खरा आहे. अर्जुनाचं उलटं. वाग्भटाच्या काळापासून हृदयासाठी सालीलाच मागणी, आणि झाड उभं. आतल्या सालीतून पानांनी केलेलं अन्न मुळांकडे उतरतं. खोडाभोवती सगळीकडून साल सोलली की मुळं उपाशी, झाड खलास. कोसा पोसणाऱ्याचं झाडही त्यातच गेलं.

जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे. खोडाचा एखादाच भाग घ्यायचा, आतला थर शाबूत ठेवायचा, म्हणजे साल पुन्हा धरते. ऐनाचं मात्र बघा. लाकूड आरामशीनवर येतं आणि टॅनिनने भरलेली सालपटं चुलीत जातात. पूर्वी त्या सालीची राख पानाला चुन्यासारखी लावत, तेवढा तरी मान होता. ऐनाची साल अर्जुनासारखं औषध आहे असं मी म्हणत नाही. पण अर्कच काढायचा, तर सुरुवात तोडलेल्या लाकडापासून करा.

उभ्या झाडाला हात लावायचाच असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क आहे. ग्रामसभेच्या वहीत लिहा, कोणतं झाड, कोणती बाजू, कोणत्या साली सोललं. व्यापारी आला की आधी ती वही पुढे करा, भाव नंतर.