विश्लेषण : तलावात बुडणारे मूल ओरडत का नाही? सुट्टीत कुटुंबासह पोहायला जाताना काय पाहावे?

वार्षिक परीक्षा संपली आणि पारा चाळिशीकडे सरकू लागला की महापालिकांच्या जलतरण तलावांवर गर्दी वाढते. दादरचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव असो, नाशिकचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव असो किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातला नगरपालिकेचा छोटा तलाव, सुट्टीतला पाण्यातला तास मुलांना सर्वाधिक प्रिय असतो. काठावर आई टॉवेल आणि डबा सांभाळत असते, बाबा मोबाइलवर चित्रफीत काढत असतात, आजी-आजोबा सावलीला बसलेले असतात. मुलाकडे कुणाचे तरी लक्ष आहेच, असे प्रत्येकाला वाटते. पाण्याशी संबंधित अनेक दुर्घटना नेमक्या अशाच वेळी घडतात. त्या का घडतात, तलावाचे पाणी कसे पारखावे आणि वेळ आलीच तर काय करावे, याविषयी.

बुडण्याचा धोका किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील अहवालानुसार, २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख लोकांचा बुडून मृत्यू झाला. त्यातील जवळपास एक चतुर्थांश मुले ५ वर्षांखालील होती. १ ते ४ वर्षे वयोगटात बुडणे हे मृत्यूचे चौथे, तर ५ ते १४ वर्षे वयोगटात तिसरे मोठे कारण आहे. यातील ९० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. नद्या, विहिरी, शेततळी आणि समुद्राच्या तुलनेत देखरेखीखालचा तलाव सुरक्षित असतो, हे खरेच. मात्र लहान मुलासाठी अडीच फूट पाणीही पुरेसे घातक ठरू शकते. या प्रश्नाचे गांभीर्य ओळखून संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा ‘जागतिक बुडणे प्रतिबंध दिन’ म्हणून जाहीर केला आहे.

बुडणारी व्यक्ती ओरडत का नाही?

चित्रपटात बुडणारा माणूस हात वर करून ‘वाचवा, वाचवा’ असे ओरडतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. न्यूयॉर्कमधील ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम केलेले फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या व्यक्तींच्या हालचालींचा चित्रीकरणाच्या साहाय्याने अभ्यास केला. त्यांच्या निरीक्षणानुसार, बुडणारी व्यक्ती बहुतेक वेळा पूर्ण शांत असते. ओरडण्यासाठी आधी श्वास घ्यावा लागतो. बुडणाऱ्याचे तोंड मात्र क्षणभर पाण्यावर येते आणि पुन्हा खाली जाते. तेवढ्या वेळेत श्वासही पुरता घेता येत नाही, मग आवाज कुठून निघणार?

हात हलवून मदत मागणेही शक्य नसते. शरीर आपोआप दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहते, तोंड वर आणण्यासाठी. शरीर पाण्यात उभे राहते, पाय जवळजवळ चालत नाहीत. ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद टिकते आणि मग व्यक्ती पाण्याखाली जाते. काठावरून पाहणाऱ्याला मूल जागच्या जागी खेळत असल्यासारखे वाटते. म्हणूनच आरडाओरडा करणाऱ्या मुलापेक्षा अचानक गप्प झालेल्या मुलाकडे आधी पाहावे. डोके मागे झुकलेले, तोंड उघडे, नजर शून्यात, केस कपाळावर-डोळ्यांवर आलेले आणि हाक मारल्यावर उत्तर नाही, ही लक्षणे दिसली की थांबू नये.

जीवरक्षक असताना पालकांनी लक्ष का ठेवायचे?

पूर्वी गावोगावी मुले विहिरीत पोहायला शिकत. पाठीला सुकवलेला भोपळा, पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका आणि कमरेला दोर बांधला जाई. त्या दोराचे दुसरे टोक काठावर काका, मामा किंवा थोरल्या भावाच्या हातात असे. दोर कुणाच्या हातात आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे. तलावावर हा दोर नसतो आणि त्यामुळे जबाबदारीही विखुरते. आईला वाटते बाबा पाहत आहेत, बाबांना वाटते जीवरक्षक आहे. जीवरक्षकाची नजर मात्र एकाच वेळी अनेक डोक्यांवरून फिरत असते. त्यात पाण्यावर उन्हाची चमक असते, गोंगाट असतो.

यावर तज्ज्ञांनी सुचवलेला उपाय अगदी साधा आहे. एका वेळी एका मोठ्या माणसाने ‘आता मी पाहतो’ असे स्पष्ट सांगून जबाबदारी घ्यावी. त्या वेळेत मोबाइल, गप्पा, वाचन बंद. पंधरा-वीस मिनिटांनी दुसऱ्याने जबाबदारी घ्यावी आणि तीही बोलून. पाच वर्षांखालील किंवा पोहता न येणाऱ्या मुलासाठी काठावरची नजरही पुरत नाही. मोठे माणूस पाण्यात, मुलापासून हाताच्या अंतरावर हवे. अनेक घरांत आईला पोहता येत नाही म्हणून ती काठावरच बसते. पण उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मुलाजवळ थांबण्यासाठी पोहता येणे आवश्यक नसते.

दंडाला फुगे किंवा ट्यूब असली की मूल सुरक्षित?

नाही. हवा भरलेले फुगे आणि ट्यूब ही खेळणी आहेत, जीवरक्षक साधने नव्हेत. त्यांतील हवा निघू शकते, फुगा ओल्या दंडावरून सटकू शकतो. ट्यूब उलटली तर मुलाचे डोके खाली आणि पाय वर अशी अवस्था होते, त्यातून लहान मुलाला स्वतःहून सुटता येत नाही. याशिवाय फुग्यांमुळे पालक निर्धास्त होतात आणि ‘आपल्याला पोहता येते’ असा मुलाचाही गैरसमज होतो. फुगे काढल्यावर तेच मूल सवयीने पाण्यात उडी मारते. बाहेरच्या पाण्यात किंवा होडीत बसताना अंगाला नीट बसणारे, मानकानुसार बनवलेले लाइफ जॅकेटच वापरावे.

तलावावर पोहोचल्यावर आधी काय पाहावे?

सर्वांत सोपी चाचणी म्हणजे काठावरून तलावाच्या सर्वांत खोल भागाचा तळ पाहणे. तेथील जाळी किंवा फरशीवरच्या रेषा स्पष्ट दिसायला हव्यात. पाणी गढूळ असेल तर शुद्धीकरणात त्रुटी असण्याची शक्यता असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळाशी गेलेली व्यक्ती कुणालाच दिसणार नाही. अशा वेळी मुले कितीही रडली तरी पाण्यात उतरू नये.

उथळ आणि खोल भाग कुठे बदलतो, खोलीचे आकडे कुठे लिहिले आहेत आणि मध्ये दोर बांधला आहे का, हे मुलांना चालत नेऊन दाखवावे. जीवरक्षक कुठे बसला आहे, पाण्यात फेकायची रिंग आणि लांब काठी कुठे आहे, हेही पाहून ठेवावे. तळाच्या किंवा बाजूच्या जाळीजवळ मुलांना खेळू देऊ नये, कारण तेथून पंप पाणी ओढत असतो. जाळी तुटलेली असेल तर केस किंवा अंग ओढले जाऊन अडकू शकते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या सात वर्षांच्या नातीचा २००२ मध्ये अशाच ओढीत अडकून मृत्यू झाला. त्यानंतर २००७ मध्ये तेथे सुरक्षित जाळ्या सक्तीच्या करणारा कायदा झाला. टोपीची सक्तीही अनेकांना जाच वाटते. मात्र तिच्यामुळे गळलेले केस पाण्यात आणि गाळणी यंत्रात जात नाहीत, शिवाय मोकळे केस अडकण्याची शक्यताही कमी होते.

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ?

हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. नाकाला झोंबणारा तो वास बहुधा निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, अंगावरचा मळ आणि तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ‘क्लोरामाइन’ नावाची संयुगे तयार होतात. वास त्यांचा असतो. डोळे लाल होणे, घसा खवखवणे, खोकला येणे यामागेही मुख्यतः हीच संयुगे असतात. शिवाय या प्रक्रियेत क्लोरीन खर्ची पडते आणि जंतू मारण्यासाठी कमी उरते. म्हणजे वास जितका उग्र, तितके पाणी स्वच्छ नसण्याची शक्यता अधिक.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राच्या, म्हणजे ‘सीडीसी’च्या शिफारशीनुसार, तलावाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे आणि पाण्याचा पीएच ७.० ते ७.८ दरम्यान असावा. भारतातही तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३३२८ हे मानक आहे. त्या दिवशीच्या तपासणीची नोंद अनेक तलावांवर फलकावर लिहिलेली असते. ती वाचावी. नसेल तर व्यवस्थापकाला विचारावे, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

क्लोरीनमुळे सगळे जंतू मरतात का?

बहुतेक मरतात, पण सगळे लगेच मरत नाहीत. सीडीसीच्या माहितीनुसार, योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यात ‘ई कोलाय’ जिवाणू एका मिनिटाच्या आत मरतो. हिपॅटायटिस ‘अ’च्या विषाणूला सुमारे १६ मिनिटे, तर ‘जिआर्डिया’ या परजीवीला सुमारे ४५ मिनिटे लागतात. ‘क्रिप्टोस्पोरिडियम’ हा जुलाब घडवणारा परजीवी मात्र अशा पाण्यात ७ दिवसांहून अधिक काळ तग धरू शकतो. त्यामुळे जुलाब होत असलेल्या मुलाला, ‘आता बरे वाटतेय, पासचे पैसे वाया जातील’ म्हणून पाण्यात सोडणे इतर सगळ्यांसाठी धोक्याचे आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी मिनिटभर शॉवरखाली अंग धुतले तरी अंगावरचा बराचसा घाम आणि मळ निघून जातो. लहान मुलांना तासाभराने बाहेर काढून स्वच्छतागृहात न्यावे. तलावाचे पाणी तोंडात घेऊ नये, हे खेळाच्या आधीच बजावावे. बाहेर आल्यावर पुन्हा अंघोळ करून कान टॉवेलने कोरडे करावेत. कानात काडी किंवा पिन घालू नये, ओलसरपणामुळे होणारा कानाचा संसर्ग त्याने अधिक बळावतो.

पोहता येणाऱ्या मोठ्या मुलांची काळजी कशाला?

किशोरवयात वेगळाच धोका असतो. ‘पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो’ ही पैज अनेक तलावांवर लागते. बुडी मारण्याआधी मुले जोरजोरात, भराभर श्वास घेतात. त्यामुळे शरीरातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घेण्याची तीव्र इच्छा मुख्यतः याच वायूमुळे जागी होते. ती इच्छा होण्याआधीच मेंदूला मिळणारा प्राणवायू कमी पडतो आणि मूल पाण्याखालीच, कोणतीही पूर्वसूचना न देता बेशुद्ध होते. चांगले पोहणारेही यात दगावतात. म्हणून ही पैज खेळूच द्यायची नाही. उथळ बाजूला डोके खाली करून सूर मारणेही तितकेच घातक, त्यात मानेच्या मणक्याला कायमची इजा होऊ शकते.

कुणी बुडताना दिसले तर काय करावे?

सर्वप्रथम जीवरक्षकाला हाक मारावी. पोहता न येणाऱ्याने भावनेच्या भरात उडी मारू नये, बुडणारा त्यालाच धरून खाली नेऊ शकतो. काठावर आडवे पडून काठी, टॉवेल, ओढणी पुढे करावी किंवा रिंग फेकावी. बाहेर काढलेली व्यक्ती श्वास घेत नसेल तर पोट दाबण्यात, उलटे धरण्यात किंवा गरगर फिरवण्यात वेळ दवडू नये. त्याने फुप्फुसातील पाणी निघत नाही, उलटी होऊन श्वासमार्ग मात्र बंद होऊ शकतो.

बुडण्यात मूळ कमतरता प्राणवायूची असते. त्यामुळे डोके मागे झुकवून, नाक बंद करून आधी तोंडाने श्वास द्यावा. त्यानंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब आणि २ श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत सुरू ठेवावे. दुसऱ्या कुणाला तरी १०८ वर दूरध्वनी करायला सांगावे. मूल शुद्धीवर आले तरी रुग्णालयात न्यावे. सतत खोकला, धाप, छातीत दुखणे किंवा अस्वाभाविक झोप ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात.

मुलांना पोहायला केव्हा शिकवावे?

जागतिक आरोग्य संघटना ६ वर्षांपुढील मुलांना पोहण्याचे आणि पाण्यातील सुरक्षिततेचे मूलभूत शिक्षण देण्याची शिफारस करते. स्पर्धेत उतरण्याइतके पोहता येणे हे यातले उद्दिष्ट नाही. पाण्यात पडल्यावर पुन्हा वर येणे, उताणे होऊन तरंगणे, वळून काठ गाठणे आणि स्वतःहून बाहेर निघणे, एवढे जमले तरी जीव वाचू शकतो. उन्हाळी वर्गात नाव घालताना प्रशिक्षकाला ‘किती दिवसांत पोहायला येईल’ हे विचारण्याआधी ‘तरंगायला कधी शिकवणार’ आणि ‘एका प्रशिक्षकाकडे किती मुले’ हे विचारावे. वर्ग पूर्ण झाला, प्रमाणपत्र मिळाले, तरी काठावरून लक्ष ठेवणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. मामाच्या गावची विहीर, शेततळे आणि पावसाळ्यातला ओढा यांना खोलीचे फलक नसतात आणि तेथे जीवरक्षकही नसतो.