गाडीचा टायमिंग पट्टा : बदलायचा कधी आणि खर्च किती?



ऊस विकास विभागाकडून या पानावर बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांच्याबद्दल वाचायची आपल्याला सवय आहे. या वेळी आम्ही गाडीच्या इंजिनातल्या एका रबरी पट्ट्याबद्दल लिहीत आहोत. याचे कारण असे की, गटागटांत फिरताना आम्हाला आता बांधाबांधावर चारचाकी दिसते. बऱ्याच गाड्या जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात. गाडी घेताना रंग पाहतात, टायर पाहतात, एव्हरेज विचारतात. पण टायमिंग पट्टा शेवटी कधी बदलला, हे विचारणारा शंभरात एखादाच. आणि हा पट्टा तुटला म्हणजे ऊसबिलाचा एक हप्ता सरळ गॅरेजमध्ये जातो. म्हणून हा विषय घेतला आहे.

पट्टा करतो काय?

इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि पिस्टन वर-खाली होतात. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट फिरतो आणि तो व्हॉल्व्ह उघड-बंद करतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एकच फेरा झाला पाहिजे. हा मेळ राखण्याचे काम टायमिंग पट्टा करतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला एक हजार वेळा, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर येण्याआधी व्हॉल्व्हने बाजूला झालेच पाहिजे.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा किंवा पिठाच्या गिरणीचा पट्टा गुळगुळीत असतो. तो सैल झाला की घसरतो, किंचाळतो, जळका वास देतो. म्हणजे आधी सांगतो, मग तुटतो. टायमिंग पट्ट्याला आतून दात असतात. तो घसरत नाही, त्यामुळे ओरडतही नाही. आत काचेच्या धाग्यांचे दोर आणि वरून रबर अशी त्याची घडण असते. दोर आतल्या आत थकतात आणि एक दिवस पट्टा तुटतो, किंवा दात झडून मेळ चुकतो.

मेळ चुकला की बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. काही जुन्या लहान पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा राखलेली असते. तिथे गाडी नुसती बंद पडते. डिझेल इंजिनात मात्र दाब जास्त, जागा कमी. तिथे व्हॉल्व्ह वाकतात, गाइड फुटतात, नशीब फारच वाईट असेल तर पिस्टनही जातो.

आपल्या गाडीला पट्टा आहे की साखळी?

सर्वच इंजिनांना पट्टा नसतो. आपल्याकडच्या ट्रॅक्टरना साधारणपणे टायमिंगसाठी दातेरी चक्रे, म्हणजे गिअर असतात. तेव्हा ट्रॅक्टरवाल्यांनी या लेखाने घाबरून जाऊ नये. जुन्या अॅम्बॅसिडर आणि पद्मिनी गाड्यांना साखळी होती. मोटारीत रबरी दातेरी पट्टा प्रथम आला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या गाडीत. पट्टा हलका, आवाज कमी, तेल लागत नाही, म्हणून तो जगभर पसरला. आपल्या देशात १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पट्टा घरोघर पोचला. पुढे जुनी झेन, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, २००५ साली आलेली अडीच लिटरची डिझेल इनोव्हा, दीड लिटरची डिझेल डस्टर, या सर्वांना पट्टाच आहे.

उलट स्विफ्टच्या १.३ डिझेलला आणि मारुतीच्या के सिरीज पेट्रोल इंजिनांना साखळी आहे. २०१६ साली आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेल इंजिनालाही साखळी आहे. साखळी तेलात चालते आणि तेल वेळेवर बदलले तर पुष्कळ टिकते. एक तिसराही प्रकार निघाला आहे. इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनासारख्या इंजिनांत पट्टाच आहे, पण तो तेलात बुडून चालतो. तिथे चुकीचे तेल घातले तर रबर कुजते आणि त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात.

एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळे इंजिन असू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नये. आर. सी. बुकावरचे साल आणि इंजिनाचा प्रकार पाहून गाडीच्या पुस्तकात शोधावे, किंवा जाणत्या मिस्त्रीला विचारावे.

खोडव्याचा न्याय इथे लागत नाही

गटसभेत आम्ही हा विषय काढला, तेव्हा मागून एक आप्पा म्हणाले, ‘गाडी ते चांगली चाली राहिनी, मंग पट्टा कसाले बदलाना?’ प्रश्न रास्त आहे. शेतकरी डोळ्यांनी पाहून निर्णय घेतो. खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण कसे ठरवतो? फुटवे मोजतो, नांग्या पाहतो, गेल्या वर्षीचे वजन पाहतो. पहिल्या खोडव्याला पंचेचाळीस टन आले, दुसऱ्याला पस्तीस, म्हणजे आता नांगर घाला. खोडवा पायरीपायरीने उतरतो आणि उतरताना दिसतो.

पट्टा तसा उतरत नाही. शेवटच्या किलोमीटरपर्यंत गाडी पहिल्या दिवसासारखीच चालते. एव्हरेज कमी होत नाही, आवाज बदलत नाही. म्हणून ‘चालते आहे’ हा त्याच्या तब्येतीचा पुरावा नव्हे. त्याला खोडव्यापेक्षा बेण्याचा न्याय लावला पाहिजे. बेणे डोळ्यांना चांगले दिसत असले तरी तीन-चार वर्षांनी ते बदला, असे आम्ही सांगतो. रोग आणि घसरण आत शिरलेली असते, ती वरून दिसत नाही. तिथे आपण मुदत पाळतो. इथेही मुदतच पाळायची.

मिस्त्री कव्हर काढून पट्टा पाहू शकतो. चिरा, झिजलेले दात, कडेचे सुटलेले धागे किंवा तेलाचे डाग दिसले तर मुदतीची वाट न पाहता पट्टा बदलावा. पण काही दिसले नाही म्हणून पट्टा चांगलाच आहे, असे समजू नये. पाहणीने पट्टा नापास करता येतो, पास करता येत नाही.

मुदत किती?

खरी मुदत गाडीच्या पुस्तकात असते आणि तीच शेवटची. जुन्या गाड्यांत ती साधारण साठ हजार ते एक लाख किलोमीटर किंवा चार ते सहा वर्षे अशी आढळते. काही नव्या इंजिनांत ती याहून बरीच जास्त असते. ‘किंवा’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचे.

आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. पुष्कळ सभासदांची गाडी लग्नाला, दवाखान्याला, कोर्टकचेरीला आणि बाजाराला निघते. वर्षाला पाच हजार किलोमीटर झाले तरी खूप. अशा गाडीला साठ हजार व्हायला बारा वर्षे लागतील. तोवर रबर कधीच म्हातारे झालेले असते. उभ्या गाडीचेही रबर वाळतेच. त्यातून आपला खानदेश! मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. शिवाय काळ्या मातीची धूळ. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकांत अशा वापराला ‘कठीण वापर’ म्हणतात आणि देखभालीच्या मुदती कमी करतात.

काही गाड्यांत, उदाहरणार्थ जुन्या डिझेल इनोव्हात, डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो. हा दिवा फक्त किलोमीटर मोजतो. पट्टा त्याला दिसत नाही आणि वर्षे कळत नाहीत. पट्टा न बदलताही तो दिवा विझवता येतो, हेही जुनी गाडी घेताना ध्यानात ठेवावे.

जुन्या गाडीबद्दल आमचा सल्ला सरळ आहे : पट्टा बदलल्याचे बिल हातात नसेल, तर बदलला नाही असेच समजावे आणि घेतल्याबरोबर बदलावा. ती रक्कम सौदा ठरवतानाच किमतीतून वजा मागावी.

खर्चाचा हिशेब

खर्च गाडीगणिक बदलतो. लहान पेट्रोल गाडीला तो कमी येतो, मोठ्या डिझेल गाडीला बराच जास्त. म्हणून गॅरेजमधून लेखी अंदाज घ्यावा आणि त्यात पाच बाबी वेगवेगळ्या लिहून मागाव्यात : पट्टा, टेन्शनर व बेरिंग, वॉटर पंप, ऑइल सील आणि मजुरी.

नुसता पट्टा बदलून पैसे वाचवू नयेत. टेन्शनरचे बेरिंग जाम झाले तर नवा पट्टाही तुटतो. अनेक इंजिनांत वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरतो. पंप बदलायचा तर सगळे खोलावे लागते, म्हणजे मजुरी दुसऱ्यांदा. ऑइल सील गळत असेल तर तेल पट्ट्यावर पडून रबर फुगते. सगळे एकदा उघडले आहे तेव्हाच ही कामे उरकावीत.

आता हिशेब मांडू. आकडे फक्त समजण्यापुरते धरले आहेत. आपल्या गाडीचे आकडे आपण घालावेत. समजा, सगळे मिळून ८,००० रुपये खर्च आला आणि मुदत ८०,००० किलोमीटरची आहे. म्हणजे किलोमीटरला १० पैसे. मुदत संपल्यावर आणखी १०,००० किलोमीटर गाडी तशीच चालवली तर आपण किती वाचवले? १,००० रुपये. आणि पट्टा तुटून हेड उघडावे लागले, व्हॉल्व्ह नवे घालावे लागले, गाडी टोचन करून आणावी लागली, तर समजा ५०,००० गेले.

पन्नास सभासदांनी असा उशीर केला, तर प्रत्येकी हजार याप्रमाणे सगळ्यांचे मिळून पन्नास हजार वाचले. त्यातल्या एकाचाच पट्टा तुटला की ती सगळी बचत त्या एका इंजिनात गेली. दोघांचे तुटले तर पन्नास जण मिळून तोट्यात. आणि मुदतीनंतरचा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा धोक्याचा असतो. या जुगारात जिंकणारा हजार रुपये जिंकतो, हरणारा पन्नास हजार हरतो.

हाच हिशेब उसात करू. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्या दराने पट्ट्याचे काम म्हणजे सव्वादोन टन ऊस आणि मोडलेले इंजिन म्हणजे चौदा टन. तोडणी-वाहतूक वजा केली तर टन आणखी वाढतात. कमी उतारा पडणाऱ्या एकरात तर हा आपल्या कष्टाचा मोठाच भाग झाला.

पैशापेक्षा मोठी गोष्ट

पट्टा तुटला की चालत्या गाडीचे इंजिन त्याच क्षणी बंद होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत एक-दोन दाबांनंतर संपते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढता-उतरताना किंवा धुळ्याजवळच्या लळिंग घाटात, मागे भरलेले ट्रक असताना हे झाले तर काय, याची कल्पना करावी. गाडीत लेकरेबाळे असतात.

असा प्रसंग आलाच तर ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये. एकदाच घट्ट दाबून धरावा. चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंग अडकते. गाडी कडेला घेऊन हँडब्रेक ओढावा, चारी दिवे लुकलुकते ठेवावेत, चाकाला दगड लावावा आणि माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. त्यानंतर स्टार्टर मारू नये आणि धक्का देऊन गाडी चालू करायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. पहिल्या झटक्यात वाचलेले व्हॉल्व्ह अशा प्रयत्नांत वाकतात.

काम कधी आणि कसे करावे?

हंगाम चालू असताना गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये ठेवणे कोणाला परवडत नाही. तोडीची टोळी, मुकादम, काटा, बँक, सगळीकडे धावपळ असते. म्हणून ऊसबिल हाती आल्यावर आणि आखाजीच्या आत हे काम उरकावे. आखाजीला लेकीबाळींना आणायला गाड्या निघतात, त्याला जोडून लग्नसराई, आणि ऊनही तेव्हाच कडक. गाडी त्याआधी तयार असलेली बरी.

काम करून घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. सुटे भाग बिलासह आणि बंद खोक्यातले घ्यावेत. खोक्यावरचा क्रमांक गाडीच्या मॉडेलशी जुळवून पाहावा. नकली पट्टा नव्यासारखाच दिसतो.

२. नवा पट्टा दुमडू नये, पिळू नये, त्याला तेल-ग्रीस लागू देऊ नये. दुमडल्याने आतले धागे तिथेच मोडतात.

३. खुणा जुळवून पट्टा चढवल्यावर मिस्त्रीने आधी हाताने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून मेळ तपासावा, मगच स्टार्टर मारावा. हे आपल्यासमोर करायला सांगावे.

४. जुना पट्टा आणि जुने बेरिंग मागून घरी आणावे. काम खरोखर झाल्याचा तोच पुरावा.

५. तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहावेत व बिल आर. सी. बुकाच्या पाकिटात ठेवावे. पुढे गाडी विकताना हेच बिल दोन पैसे जास्त मिळवून देते.

लागणीची तारीख, जात आणि गट क्रमांक आपण कारखान्यात नोंदवतो, म्हणून तोडीचा क्रम लागतो. नोंद नसलेल्या उसाचे काय होते, ते आपण जाणताच. तीच शिस्त गाडीला लावावी, एवढेच आमचे सांगणे. आज संध्याकाळी गाडीचे पुस्तक काढावे, इंजिनाला पट्टा आहे की साखळी ते पाहावे, शेवटचे बिल शोधावे. बिल सापडले तर त्यावरून पुढची तारीख मांडावी. सापडले नाही, तर येत्या बाजाराच्या दिवशी मिस्त्रीकडून लेखी अंदाज आणावा.

– ऊस विकास अधिकारी