झुंजींचे व्यावसायिक आयोजन

प्रवेशमूल्य घेऊन किंवा पुरस्कर्त्यांच्या पैशावर मल्लांच्या लढती भरविण्याचा व्यवसाय. जोड कोणाची लावायची, बिदागी किती द्यायची व नियम कोणते ठेवायचे, हे सर्व आयोजक ठरवितो. निकालही आधीच ठरला असेल, तर त्या लढतीस ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. निकालाच्या खरेपणाचा हा प्रश्न या व्यवसायात पुनःपुन्हा उद्‌भवलेला आहे.

महाराष्ट्रात कुस्तीस प्रथम राजाश्रय होता. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १९०२ च्या यूरोप-प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. त्या धर्तीवर बांधविलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधोमध लाल मातीचा हौदा व सभोवती चढती बैठक अशी त्याची रचना असल्याने अगदी मागील प्रेक्षकासही डाव स्पष्ट दिसतो. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर तिकिटावरील मैदानांचे महत्त्व वाढले.

मुंबईत ‘फ्रीस्टाइल’ या नावाने होणाऱ्या किंगकाँग, दारासिंग प्रभृतींच्या लढतींना मोठी गर्दी लोटे. हे मल्ल जपानमध्येही लढत. १९५५ मध्ये टोकिओ येथे रिकिडोझान याने किंगकाँगला हरवून आशियाई अजिंक्यपद मिळविले. या खेळात कसब व अंगबळ खरे असले, तरी निकाल पूर्वनियोजित ठेवण्याची प्रथा जगभर होती.

जपानमध्ये याच खेळाच्या पोटातून त्याची प्रतिक्रिया उमटली. १९७६ मध्ये आंतोनिओ इनोकी व मुष्टियोद्धा मुहंमद अली यांची टोकिओतील लढत पंधरा फेऱ्यांनंतर अनिर्णित राहिली. ती कंटाळवाणी ठरली. परंतु दोन भिन्न युद्धकलांत श्रेष्ठ कोणती, हे कुतूहल मागे उरले. पुढे सातोरू सायामा या मल्लाने ‘शूटो’ हा प्रकार रूढ केला; १९९३ मध्ये ‘पँक्रेस’ ही संस्था निघाली. १९९७ च्या पहिल्या ‘प्राइड’ मेळ्यात लोकप्रिय मल्ल नोबुहिको ताकादा याला ब्राझीलच्या रिक्सन ग्रेसीने पहिल्याच फेरीत हार मानावयास लावले. नायकाच्या या पराभवावरच ‘प्राइड’ची पत उभी राहिली, असे म्हणता येईल. संघटित गुन्हेगारांशी संबंध असल्याच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये फुजी दूरचित्रवाणीने तिच्याशी करार मोडला व पुढील वर्षी ती अमेरिकन स्पर्धकांच्या हाती गेली. एकाच वाहिनीवर विसंबलेला व्यवसाय किती ठिसूळ असतो, हे त्यावरून दिसून आले. २०१५ मध्ये ‘रिझिन’ ही नवी संस्था स्थापन झाली.

भारतात ‘सुपर फाइट लीग’चा पहिला मेळा ११ मार्च २०१२ रोजी मुंबईत अंधेरी येथे झाला. प्रमुख लढतीतील बॉब सॅप व जेम्स थॉम्पसन हे दोघेही जपानी रिंगणांत नावारूपास आलेले होते. लढत पहिल्या फेरीतच संपली. आयात केलेल्या नावांवर येथील प्रेक्षक फार काळ टिकणे कठीणच होते.

याउलट गावजत्रेतील आखाड्याचा प्रेक्षक तेथलाच असतो. भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात कारखान्यांनी शेते व्यापली, तरी जत्रेतील कुस्त्यांची परंपरा टिकून आहे. तेथे सहसा तिकीट नसते. इनामाची रक्कम गावाच्या वर्गणीतून व देणग्यांतून उभी राहते. आरंभी मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या होतात, हलगी वाजत असते आणि मोठ्या इनामाची जोड शेवटी सुटते. जोड लोकांसमक्ष लागते. नुरा कुस्तीला आळा बसावा म्हणून अनेक गावांत इनाम निकाली कुस्तीवरच देण्याची अट घालतात.