वडाखालची वही

देऊळघाटात संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. सकाळच्या सरीनं गोलपुढं चिखल झालाय आणि बारा वर्षांखालची पोरं त्यातच सात-सात जणांची मॅच खेळतायत. चार नंबरचा चेंडू भिजून जड झालाय. माझ्या हातात शिट्टी आणि वही.

एक मोटारसायकल येऊन थांबते. सोयाबीनवर फवारणी आटोपून बाप थेट मैदानावर आलाय; पंप अजून गाडीला बांधलेला. गाडी स्टँडवर लावण्याआधीच आवाज चढतो, ‘‘सर, माह्या पोराले बसवूनच ठेवता काय?’’

त्यांचा मुलगा रेषेजवळ बुटाची नाडी बांधतोय. नाडी बांधून झाली तरी मान वर करत नाही.

‘‘भाऊ, सराव संपला की वडाखाली बसू. पोरांसमोर नको.’’

ते गप्प होतात, पण जात नाहीत. मला हेच हवं असतं. बापाची तक्रार मला उद्देशून असते, पण ती सगळ्यात जास्त लागते ती पोराला.

सराव संपतो. वडाखाली मी वही उघडतो. प्रत्येक मॅचमध्ये कोण कुठं आणि किती मिनिटं खेळलं, ते मी त्यात लिहितो. प्रत्येकानं निम्मा वेळ तरी खेळायचंच, हा आमचा नियम. मुलांच्या फुटबॉलमध्ये बाहेर काढलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मोकळीक ठेवता येते, म्हणून हे जमतं. ते ओळीवरून बोट फिरवतात. त्यांच्या पोराचा वेळ बरोबर भरतो.

मग खरी काळजी बाहेर येते. ‘‘दहावीले खेळाचे गुण भेटतात म्हणे. हा आताच बसला तं पुढं कसं?’’

मी सांगतो, ते गुण शालेय स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतात. तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. सहावीतल्या पोरानं आज चेंडू ताब्यात ठेवायला शिकावं, तेवढं पुरे. त्यांचा चेहरा सैल पडतो. ‘‘पण तुम्ही त्याले नेहमी मागंच उभं करता,’’ ते म्हणतात. वही त्यांच्याच बाजूनं बोलते. रविवारी तो पुढं खेळेल, असं मी त्यांच्यादेखत लिहून ठेवतो.

एवढ्यात एका मुलीचे अब्बा जवळ येतात. ‘‘सर, बच्ची को मगरिब से पहले छोडा करो.’’ दिवस लहान होतोय, घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. त्यांचं म्हणणं रास्त आहे आणि ते एकट्या मुलीपुरतं नाही. मी पोरांना परत बोलावतो : उद्यापासून सव्वापाचला सुरुवात, सव्वासहाला शेवटची शिट्टी. सगळ्यांसाठी.

बोलायला येणाऱ्या पालकांची मला भीती वाटत नाही. रागावून का होईना, ते मैदानापर्यंत येतात. घरातच राहिलेली तक्रार मात्र पोराचं खेळणं बंद करते, आणि कारण मला कधीच कळत नाही. वहीत एका नावापुढं गेल्या आठवड्यापासून गैरहजेरीच्या फुल्या आहेत. मी चेंडूंची जाळी खांद्यावर टाकतो आणि त्या पोराच्या घराकडे निघतो. आज मीच विचारणार आहे, ‘‘काही चुकलं का आमचं?’’