माहीमचे मखदूमसाहेब

भाईंदरजवळच्या नवघरहून लोकलगाडीने मुंबईकडे निघाले, म्हणजे वाटेत माहीम लागते. तेथील दर्ग्यात मखदूम अली माहिमी यांची कबर आहे. इ. स. १३७२ साली ते जन्मले. लहानपणी एके रात्री आईने त्यांच्याकडे पाणी मागितले. ते पेला घेऊन आले, तो तिचा डोळा लागलेला. तिची झोप मोडू नये म्हणून ते पहाटेपर्यंत पेला धरून उभेच राहिले, अशी आख्यायिका आहे.

पुढे ते थोर विद्वान झाले. कुराणावर त्यांनी अरबी भाषेत भाष्य लिहिले. १४३१ साली त्यांचे निधन झाले. माहीमवर गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, इंग्रज अशा सत्ता आल्या आणि गेल्या. परंतु मखदूमसाहेबांविषयीचा आदर ओसरला नाही.

दर्शनास येणारे लोक पादत्राणे बाहेर काढतात, मस्तक झाकतात व कबरीवर फुले वाहतात. त्यांत मुसलमान असतात, तसे हिंदूही असतात. डिसेंबर महिन्यात येथे जत्रा भरते. तेव्हा पहिली चादर चढविण्याचा मान मुंबई पोलिसांचा असतो. शहराचे रक्षक एका ग्रंथकारापुढे असे नतमस्तक होतात.